पुढे चाल

भल्या सकाळी दवाने भिजलेल्या गवतावर फक्कीची पहिली रेघ उमटते तेव्हा तिचा एक वास येतो. ओल्या चुन्याचा, किंचित झोंबरा, नुकत्याच सफेदी केलेल्या घरात शिरल्यावर येतो तसा. दिघीच्या टोकाला, लष्कराच्या तारेच्या कुंपणाला खेटून एक ओबडधोबड मैदान आहे. तिथे दर गुरुवारी हा वास दरवळतो. एक माणूस पत्र्याच्या डब्याला खालून भोकं पाडून त्यात फक्की भरतो, डबा हलवत उलटा उलटा चालत जातो, आणि त्याच्या पावलांपुढे एक शुभ्र, सरळ, निःशंक रेषा उलगडत जाते. किती साधी गोष्ट, आणि किती न्यायी! चेंडू रेषेच्या आत म्हणजे आत, बाहेर म्हणजे बाहेर. तिथे ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, कुणाच्या मोठेपणाने ती रेषा वीतभरही सरकत नाही. निदान मला तसं वाटत होतं. आता वाटत नाही. ते का वाटेनासं झालं हे तुम्हाला सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही, आणि सांगता सांगता आवाज चढला तर तेवढं सांभाळून घ्या.

मी आकुर्डीच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि रावेतला राहते. फुटबॉलमधलं मला काय कळतं म्हणाल, तर ऑफसाइड अजूनही कळत नाही. या खेळाच्या नादाला मला लावलं ते दत्ताभाऊंनी. दत्ताभाऊ म्हणजे दिघीच्या जुन्या घरांपैकी एका घरातले, चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये पत्र्याचे भाग दाबून काढणारे कामगार, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. शाळेची पालकसभा असायची शनिवारी; दत्ताभाऊ उगवायचे गुरुवारी. पहिल्या वेळी मी जरा कडक स्वरात कारण विचारलं, तर संकोचून म्हणाले, “बाई, आमची सुट्टी आज असती. शनिवारी आलो तर मशीन कोन चालवनार?” त्यांच्या हातातल्या पिशवीतून फुटबॉलचे बूट डोकावत होते आणि बुटांच्या टोकांना काही पांढरं लागलेलं होतं. मला वाटलं खडू. शिक्षकाच्या डोळ्यांना जगातलं सगळं पांढरं खडूच दिसतं! ते हसले आणि म्हणाले, “फक्की हाय ती. गोलात हुभा ऱ्हातो मी. रेघ बुटाला लागतीच.”

आमच्या या पट्ट्यातला गुरुवार तुम्हाला समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सारं रामायण त्याच्याभोवती फिरतं. कधीकाळी विजेच्या सोयीसाठी इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी ठेवली गेली आणि ती तशीच राहिली. रविवारी सकाळी भोसरीत किंवा चाकणला उभे राहा. कंपन्यांच्या बसगाड्या ओळीने धावत असतात, डबे खांद्याला लावलेली माणसं फाटकातून आत शिरत असतात, भोंगे वाजत असतात. आणि गुरुवारी तेच रस्ते असे निवांत, की कुत्रीदेखील मधोमध पाय पसरून झोपतात. गुरुवारी इथे लग्नं ठरवली जातात, गुरुवारी पाहुणे येतात, गुरुवारी मुलांना बागेत नेलं जातं. माझ्या घरात तर सुट्टीचे दोन तुकडे झालेत. माझा नवरा चाकणच्या कंपनीत, त्याला गुरुवार. मी शाळेत, मला रविवार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून उशिरापर्यंत लोळण्याचं सुख आम्हाला केवळ दिवाळीत लाभतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार लाल रंगात छापलेला असतो आणि दरवर्षी नवी दिनदर्शिका आली की माझा नवरा पेन घेऊन सगळे गुरुवार लाल करत बसतो. पूर्वी मी त्याला हसत असे. आता हसत नाही.

तर गुरुवारच्या या माणसांचा एक संघ होता. कुणी भोसरीत लेथवर, कुणी तळवड्यात गोदामात, कुणी चाकणला वेल्डिंगला. बहुतेक ठेकेदाराकडचे. सरावाला आठवड्यातला एकच दिवस आणि त्या दिवशीही घरी दळण टाकायचं असतं, गॅस आणायचा असतो, आईला दवाखान्यात न्यायचं असतं. तरीही हे लोक सकाळी सहाला मैदानावर हजर! गेल्या वर्षी बातमी आली की देशाच्या मोठ्या करंडकाची दारं या वेळी लहान नोंदणीकृत मंडळांनाही उघडली आहेत. आधी पात्रता फेऱ्या जिंकायच्या आणि मग थेट व्यावसायिक क्लबांशी गाठ. स्पर्धा बाद पद्धतीची. एक हरलात की संपलं.

हा ‘बाद’ शब्द मला फार दिवस खुपत होता. बाद नाणं, बाद मत, बाद माणूस. खेळासारख्या आनंदाच्या गोष्टीला हा तुच्छतेचा शब्द कशाला? पण दत्ताभाऊंनी मला त्यातली गंमत उलगडून दाखवली. साखळी स्पर्धेत मोठ्यांना हरण्याची चैन असते. आज हरले तर परवा जिंकतात, बाकावरून नवा खेळाडू आणतात, हंगाम लांबच लांब असतो. बाद पद्धतीत मात्र मोठ्यालाही एकच दिवस आणि लहानालाही एकच. त्या एका दुपारी दोघे एकाच रेषेवर उभे. “तेवढीच तर बरोबरी मिळती, बाई,” ते म्हणाले. मी तेव्हापासून या पद्धतीच्या प्रेमात पडले. जिच्यात हरल्यावर बाहेर काढतात ती स्पर्धा क्रूर असेल, पण ती आधी तुम्हाला खेळू देते! या एका गृहीतावर माझा केवढा विश्वास होता!

भाद्रपद संपता संपता हंगाम सुरू झाला. पहिली फेरी आमच्या शहरातच, चिखलात. चेंडू एका जागी रुतून बसायचा आणि सगळे त्याच्याभोवती जमा व्हायचे, जणू काही हरवलेलं शोधताहेत. एका गोलाने जिंकलो. दुसऱ्या फेरीला कोल्हापूर. तिथली माणसं फुटबॉल श्वासासारखा घेतात. आमच्या या गुरुवारच्या पाहुण्यांना कोण विचारतो? सामना पेनल्टीवर गेला आणि दत्ताभाऊंनी दोन अडवल्या. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी ऐकलं की रात्रभर एसटीत बसून सगळे परतले आणि अंघोळ न करता पहिल्या शिफ्टला उभे राहिले. दत्ताभाऊंचा उजव्या हाताचा करंगळीशेजारच्या बोटाचा शेंडा प्रेसखाली गेलेला आहे, कित्येक वर्षांपूर्वी. गोलकीपरच्या हातमोज्यातलं ते बोट रिकामं लोंबू नये म्हणून ते त्यात मशीन पुसायच्या कापसाचा बोळा भरतात. त्या बोळ्याच्या बोटाला लागून दुसरी पेनल्टी बाहेर गेली, असं पोरं सांगत होती, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत जे काही होतं ते मी वर्गात क्वचितच पाहिलं आहे.

मग थंडी पडली आणि सोडत निघाली. आमच्या वाट्याला आला देशातला एक बडा क्लब. त्याचे सामने टीव्हीवर दिसतात, त्याच्या खेळाडूंचे चेहरे जाहिरातींत झळकतात. आणि सामना कुठे? आमच्या गावात! यजमान आम्ही! संघात एकच कल्लोळ उडाला. त्या आठवड्यात दत्ताभाऊ शाळेत आले, नेहमीसारखे गुरुवारी, आणि बुटांची पिशवी खाली ठेवून गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, “बाई, अडतीस चालू हाय. गुडगा आतून वाजतो. ह्यो एक सामना खेळायचा आन् बास. जिकत न्हाई आपन, म्हाईत हाय मला. धा गोल खाईन की! पन नव्वद मिनिटं त्यांच्या म्होरं हुभा ऱ्हाईन.” हे एवढंच त्यांना हवं होतं. विजय नव्हे, पदक नव्हे, बातमीत नाव नव्हे. नव्वद मिनिटं उभं राहणं. एखाद्या माणसाने आयुष्याकडे यापेक्षा कमी काय मागावं?

आता माझ्या अपराधाकडे येते. संघाची सारी पत्रं मी लिहीत असे. “बाईंचं मराठी वजनदार हाय,” म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. स्पर्धेच्या कार्यालयातून विचारणा आली की पुढच्या आठवड्यात सामना ठेवायचा आहे, यजमान संघाने सोयीचा वार कळवावा. मी ऐटीत बसले आणि लिहिलं, “आमचा संघ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी खेळण्यास सिद्ध आहे.” काय ते वाक्य! ‘सिद्ध आहे’ या शब्दांवर तर मी स्वतःच खूश होऊन दोनदा मोठ्याने वाचलं. दत्ताभाऊंनाही वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या मनात गुरुवार होता, माझ्या मनात गुरुवार होता, आम्हा दोघांच्या सभोवताली पसरलेल्या या अफाट लोखंडी मुलुखाच्या मनात गुरुवार होता. वाराचं नाव लिहावं लागेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘मोघम लिहू नये’ असा लाल शेरा मारणारी मी, आणि वार मोघम ठेवला! आमचा पहिला वार तिथेच चुकला.

सामन्याचं वेळापत्रक आलं शुक्रवारी संध्याकाळी. रविवार, दुपारी तीन. मी तिथल्या तिथे कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त भांडता तरी आलं असतं. तो शांत होता. “मॅडम, तुमच्याच पत्रात आहे, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.” मी म्हटलं, “अहो, आमची सुट्टी गुरुवारी असते.” तो हसून म्हणाला, “साप्ताहिक सुट्टी म्हणजे रविवार, मॅडम. हे सगळ्या जगाला माहीत आहे.” सगळ्या जगाला! तुम्ही ज्या गाडीतून फिरता तिचे सुटे भाग, तुमच्या घरातल्या यंत्राचं चाक, तुमच्या त्या बड्या क्लबच्या बसचा दरवाजासुद्धा ज्या हातांनी रविवारी घडवला, ते हात तुमच्या जगात मोजलेले नाहीत काय? ते जग कोणतं, ज्यात सुट्टी उपभोगणाऱ्यांची मोजदाद होते आणि त्या सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्यांची होत नाही? मी हे सगळं बोलले असते. पण त्याने तोवर सांगून टाकलं होतं की पाहुण्या संघाची विमानाची तिकिटं निघाली आहेत, आता बदल होणे नाही.

हाती शनिवार उरला होता. अकरा आणि राखीव चार माणसांनी वेगवेगळ्या साहेबांपुढे उभं राहून रविवारची रजा मागितली. रजा मागणं ही काय चीज आहे हे ज्याने ठेकेदाराच्या माणसापुढे मागितली आहे त्यालाच ठाऊक. एकाला उत्तर मिळालं, “फुटबॉल? लहान आहेस का?” एकाला म्हणाले, “जा की, पण मग सोमवारीही येऊ नको.” वेल्डिंगवाल्याने आजीला पुन्हा एकदा मारलं, त्याची ती आजी आतापर्यंत तीनदा गेली आहे, त्यामुळे तेही चाललं नाही. दत्ताभाऊंनी मात्र खोटं सांगितलं नाही. त्यांनी सुपरवायझरला सरळ सांगितलं की असा असा सामना आहे. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “भाऊ, तुमचा रिलिव्हर आला की निघा, एकला येईल तो.” रिलिव्हर म्हणजे मशीनवर तुमची जागा घेणारा माणूस. तो येऊन उभा राहिल्याशिवाय प्रेसवरून हलायचं नसतं. मागून येणारा माल थांबत नाही. मला या शिस्तीचं नेहमी कौतुक वाटत आलं आहे. आपली जागा रिकामी टाकून जायचं नाही, कुणीतरी ती घेईपर्यंत उभं राहायचं!

रविवारी पावणेतीनला मैदानावर आमचे सहा जण होते. एका बाजूला तो बडा क्लब, एकसारख्या कपड्यांत, एकसारख्या हालचाली करत, सावल्यासुद्धा एका मापाच्या. दुसऱ्या बाजूला आमचे सहा, एकमेकांच्या जवळ जवळ उभे. रेफरी येऊन सांगून गेला की नियमाने कमीत कमी सात हवेत. सात असले तर सामना सुरू होईल, सहा असले तर नाही. सात! मी आयुष्यात इतक्या लहान आकड्यासाठी देवाचा धावा केलेला नाही. सातवा कोण, हे आम्हाला ठाऊक होतं. एकला येणारा रिलिव्हर सव्वादोनला आला होता, दत्ताभाऊ मोटरसायकलवर होते, आणि चाकणच्या चौकात ट्रेलर एकमेकांत अडकून बसले होते. त्यांचा फोन आला तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. “मोशी सोडली, बाई. थांबवून धरा जरा!”

थांबवून धरा! मी कडेला सावलीत मांडलेल्या खुर्च्यांकडे धावले. वयाला न शोभेल अशी धावले. आयोजकांचा एक माणूस तिथे घड्याळ घेऊन बसला होता. मी म्हटलं, माणूस मोशीच्या पुढे आलाय, नियमातली पंधरा मिनिटं संपली तरी वर सात-आठ मिनिटं द्या, पाहुण्यांची हरकत नसेल तर काय बिघडतं? तो म्हणाला, “मॅडम, नियम म्हणजे नियम.” अहो, याच मैदानावर, याच हंगामात, पहिल्या फेरीच्या दिवशी प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून याच माणसाने दोन्ही संघांना चिखलात पाऊण तास उभं केलं होतं! गुलाबाचा हार कोमेजून गेला, पण सामना सुरू झाला नाही. त्या दिवशी तुमची पंधरा मिनिटं कुठे पेंड खायला गेली होती? मोठ्या माणसाला उशीर झाला की तो व्याप, आणि कामगाराला उशीर झाला की तो बेशिस्तपणा? मी हे त्याच्या तोंडावर बोलले. या वेळी गिळलं नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं, कागदावर काही लिहिलं, आणि त्या बड्या क्लबच्या व्यवस्थापकाने खाली सही केली. तीन वाजून सोळा मिनिटं.

तीन वाजून बावीस मिनिटांनी दत्ताभाऊंची मोटरसायकल फाटकातून आत आली. कंपनीचा निळा शर्ट वर, आत पिवळी जर्सी, हातमोजे हँडललाच अडकवलेले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. ते चालत चालत गोलपाशी गेले आणि रेषेवर जाऊन उभे राहिले. निळा शर्ट काढून त्यांनी घडी घालून खांबाशी ठेवला. बड्या क्लबचे खेळाडू पिशव्या खांद्याला लावून बसकडे निघाले होते. त्यातल्या एका उंच पोराला, पुढच्या फळीतल्या, दत्ताभाऊंनी दोन्ही हात पसरून हाक मारली. “भावा, एक तरी मार.” त्या पोराला भाषा कळली की नाही कोण जाणे, पण हात कळले. आणि मी त्याचं ऋण मानते, तो थांबला. त्याने पिशवी खाली ठेवली. पायाशी एक चेंडू होता, तो त्याने पुढे ओढला. मग त्या घड्याळवाल्याने टाळ्या वाजवल्या. “चला, चला. मैदान रिकामं करायचंय. पुढे चला.” पोराने एकदा दत्ताभाऊंकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि तो बसमध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. ‘यजमान संघ गैरहजर राहिल्याने पाहुण्या संघास पुढे चाल देण्यात आली.’ मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, पण या दोन ओळींतले दोन शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ‘पुढे चाल’ हा आपल्या मैदानांवरचा जुना, लाडका शब्द. कबड्डीत, खो-खोत, प्रतिस्पर्धी नसला की संघाला पुढे चाल मिळते. न लढता मिळालेली बढतीच ती. पण हेच शब्द रस्त्यावरच्या हवालदाराच्या तोंडी, बसच्या वाहकाच्या तोंडी, फाटकावरच्या रखवालदाराच्या तोंडी ऐकून पाहा. पुढे चल! म्हणजे इथे थांबू नको, ही जागा तुझी नव्हे. एकाच दुपारी, एकाच मैदानावर, तेच शब्द एकाला नजराणा म्हणून मिळाले आणि दुसऱ्याला धक्का म्हणून. भाषेला तरी याची लाज वाटते का?

आणि ‘गैरहजर’? हा शब्द वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. कामगाराच्या कोशात याहून जड शब्द नाही. दत्ताभाऊंच्या घरी भिंतीवर कंपनीने दिलेली दोन प्रमाणपत्रं आहेत, वर्षभर एकही खाडा न केल्याबद्दल. त्या रविवारी हा माणूस सकाळी सातपासून सव्वादोनपर्यंत मशीनवर हजर होता आणि तीन बाविसला गोलात हजर होता. एका दिवशी दोन ठिकाणी हजर असलेल्या माणसाला तुम्ही गैरहजर म्हणता! मग त्या दिवशी हजर कोण होतं? पोटाला चिमटा बसत नसताना, सुट्टीच्या दिवशी, विमानाने येऊन, सावलीतल्या खुर्च्यांवर बसून जे हजर राहिले ते? हजेरी ही इतकी स्वस्त गोष्ट असते का?

मी तक्रारअर्ज लिहिला. या खेपेला अलंकार नाहीत, ‘सिद्ध आहे’ नाही. वार, वेळ, मिनिटं, सगळं नेमकं. महिन्याने उत्तर आलं की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. तो बडा क्लब पुढच्याच फेरीत बाद झाला, याचा मला झालेला आनंद काही सुसंस्कृत नव्हता. अंतिम सामना टीव्हीवर पाहिला. अर्थात रविवारी, अर्थात एकटीने, नवरा कंपनीत. झगझगीत करंडक, कागदी फुलांचा वर्षाव, आणि समालोचन करणारा गृहस्थ भारावून सांगत होता की या स्पर्धेत देशातल्या लहानात लहान संघालाही स्वप्न पाहता येतं. मी टीव्ही बंद केला. स्वप्न पाहायला तुमची परवानगी कुणी मागितली होती? ते आमचे लोक बसमध्ये डुलक्या घेताना फुकट पाहतात. मागितला होता तो एक गुरुवार.

इतके दिवस मी दिघीला गेले नव्हते. धीर होत नव्हता. रागाने भरलेल्या माणसाला आपली चूक दिसत नाही असं नाही. ती दिसते म्हणूनच तो राग इतका पेटतो. गेल्या गुरुवारी शाळेतून अर्धी रजा घेऊन सकाळीच तिथे गेले. दव पडलं होतं. दत्ताभाऊ डबा हलवत उलटे चालत होते आणि तो ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला तशी मी आधीच ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरले. एवढंच म्हणाले, “दत्ताभाऊ, माझ्या पत्राने घात केला.” ते थांबले नाहीत, रेघ मध्येच सोडली तर वाकडी होते. टोकाला पोचून डबा खाली ठेवला आणि म्हणाले, “न्हाई, बाई. तुमी बरोबरच लिवलं व्हतं. सुट्टी गुरवारीच असती.”

इतके महिने मी त्या चुकीला माझी चूक म्हणत होते, आणि या माणसाने ती कधी चूक मानलीच नव्हती! जे त्याच्या जगात खरं, ते कागदावर लिहिलं. न कळण्याचा दोष कळून न घेणाऱ्याचा. माझ्या साऱ्या संतापापेक्षा त्यांचं ते एक शांत वाक्य अधिक तिखट होतं.

यंदाचा अर्ज माझ्या पिशवीत होता. मी विचारलं, कर्णधार म्हणून नाव घालू ना? त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. “औंदा मी न्हाई. आतून सरकलाय ह्यो. गोलात दुसरा गडी हुभा करू. मी रेघ मारीन की!” मला वाटलं आता ते दुसरीकडे पाहतील, पण ते माझ्याकडेच पाहत होते. “पन वार लिवा, बाई. ठळक लिवा. मंग बगू कोन गैरहजर ऱ्हातंय.”

मी तिथेच गवतावर बसले, गुडघ्यावर अर्ज ठेवला आणि वाराच्या रकान्यात ‘गुरुवार’ असं लिहिलं, इतकं दाबून, की खालच्या पानावरही तो उमटला. बसताना हात रेषेवर टेकला होता, म्हणून त्या अक्षरांशेजारी माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा उठला. दत्ताभाऊ म्हणाले, “पुसा, बाई. अर्ज खराब झाला.”

मी तो पुसला नाही.